मिठागराची म्हणून बदनाम झालेली माती

आमच्या इमारतीच्या मागे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. सोसायटीच्या कागदांत तिला ‘मागील मोकळी जागा’ म्हणतात आणि माझी आई तिला बाग म्हणते. या दोन नावांवरून आमच्याकडे दोन वर्षं जी भांडणं चालली आहेत, ती मला लिहून ठेवायची आहेत. सोसायटीच्या इतिवृत्तात ती नीट येणार नाहीत, कारण इतिवृत्त सेक्रेटरी लिहितात.

आम्ही राहतो कांजूरमार्गला, पूर्वेला. वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास येतो आणि सगळे खिडक्या लावून घेतात. पलीकडे खाडी आणि जुनी मिठागरं. त्यामुळे आमच्याकडे कुणाची तुळस वाळली तरी लोक म्हणतात, ‘मिठागराची जमीन, दुसरं काय होणार?’

आई निफाडकडची. तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत मजुरी करण्यात गेलं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड्या बहराची छाटणी, मग घडांची विरळणी. काडीच्या कुठल्या डोळ्यावर कात्री लावायची हे मालक तिला विचारायचे, आणि तहान लागली की तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आम्ही बौद्ध. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही, इथेही करणार नाही.

वडील गेल्यावर मी तिला मुंबईला घेऊन आले. तिच्या सामानात दोन पातळं होती आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या.

“हे काय करू राहिली तू?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“कुणाला न विचारता छाटता यील अशी एक वेल पाहिजे मला,” ती म्हणाली. “मरायच्या आधी.”

सत्तरी ओलांडलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी तिला खिडकीतून ती पट्टी दाखवली.

खणायला घेतलं तर माती कमी आणि फरश्यांचे तुकडेच जास्त. सिमेंटचे गोळे, विजेच्या वायरी, कमोडचं एक अख्खं झाकण. बिल्डरनं इमारत पुढून उभी केली आणि उरलंसुरलं मागे पुरलं. आईनं त्यातूनच मूठभर माती घेतली, पाणी शिंपडून तिची वळी केली. वळी मोडली. मग तिनं ती नाकाशी धरली.

“वास न्हाई हिला.”

“म्हणजे मेलेली आहे?”

“मेली न्हाई. उपाशी हाय.”

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सहायक आहे. मातीत सेंद्रिय कर्ब किती, सामू म्हणजे पीएच किती, हे मुलांना करून दाखवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण आई जे एका वासात सांगत होती ते मी परीक्षानळीत शोधत होते, हे कबूल करायला मला जड गेलं. तरी केलं.

मग आम्ही त्या मातीला जेवू घातलं. भाजीची देठं, नारळवाल्याकडची सोडणं, भांडुपच्या तबेल्यातलं दोन पोती शेण. ते शेण रिक्षातून आणताना रिक्षावाल्याशी झालेली बाचाबाची मी अजून विसरलेले नाही. सगळ्यात मोठं भांडण मात्र झाडूवरून. सफाईवाल्या मावशी रोज पानं झाडून नेत आणि माती उघडी पाडत. त्यांचा काय दोष, सेक्रेटरींना जमीन लादीसारखी लख्ख लागते. मी सांगितलं, पानं राहतील. पाला पांघरलेला असला तर माती ओल धरते, त्याखाली गांडुळं येतात. सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, लोक म्हणतील कचरा झालाय.” मी म्हटलं, म्हणू देत.

वर्षभरात गांडुळं आली. कुणी आणून सोडली नव्हती, आपली आपण आली. आईनं एक तळहातावर घेऊन मला दाखवलं आणि परत पाल्याखाली ठेवलं. आईनं लावलेल्या काड्यांतली एक जगली आणि तिची वेल आधाराच्या गजांवरून चढून माझ्या खिडकीला लागली. मी कॉलेजात पेढे वाटले. द्राक्ष एक नाही आणि पेढे आधी! स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली.

दुसऱ्या उन्हाळ्यात वाट लागली. खरड छाटणीनंतर आलेल्या नव्या पानांच्या कडा करपल्या, जणू कुणी उदबत्तीनं चटके देत फिरलं होतं. आधी खालची पानं, मग वरची. आईनं एकेक पान खुडलं.

सेक्रेटरी पाहून गेले. “मी तेव्हाच बोललो होतो ना? जमीनच मुळात खराब. मिठागराची. तुम्ही वरून काहीही टाका, जे मुळात आहे ते जात नाही. पेव्हर ब्लॉक टाकून टाकू, सुटसुटीत.”

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. ‘जे मुळात आहे ते जात नाही.’ हे आमच्याबद्दल म्हणणारी माणसं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आता मातीची पाळी. उत्तर देणारच, पण आकडा हातात घेऊन, असं मी ठरवलं.

तीन ठिकाणची माती घेतली. एक वेलीच्या बुंध्याशी, एक दोन हात लांब, एक पट्टीच्या पार टोकाला. ती वाळवून, चाळून कॉलेजात नेली. ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळली, निवळू दिली आणि मीटर बुडवला. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज जास्त वाहते, मीटर तेच मोजतो. टोकाची माती ठीक निघाली, दोन हातांवरचीही. बुंध्याजवळच्या मातीला मात्र आकडा असा चढला की मला वाटलं मीटरच बिघडला. धुऊन पुन्हा बुडवला, तरी तोच आकडा.

म्हणजे जमीन मुळात खारी नव्हतीच. मीठ कुणीतरी आणून घातलं होतं, नेमकं बुंध्याशी.

मला पहिला संशय कुणाचा आला ते सांगायला नको. सेक्रेटरींना जाब विचारायला रागानं जिना चढत होते, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकी दारात भेटल्या. मालवणच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. आईची आणि त्यांची संध्याकाळची बैठक ठरलेली, दोघींना एकमेकींचं निम्मंच बोलणं कळायचं आणि तेवढं पुरायचं. काकींनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, कुणीतरी वेलीला मीठ घालतंय.

“अगो, मीच घालतंय!” काकी कौतुकानं म्हणाल्या. “आमच्या गावाक माडाक वर्साक मीठ घालतत. माड कसो तरारता! तुझ्या आवशीच्या द्राक्षाक म्हणान मी दर शनिवारी मूठभर जाडा मीठ घालतंय. कोणाक सांगूक नाय, दिष्ट लागात म्हणान.”

माडाला मीठ मानवतं, तो समुद्राकाठचा. द्राक्षाला ते विष. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच. मी त्यांना दारातच सुनावलं, नको तितकं. काकी पायरीवर बसून रडायला लागल्या.

आईला कळलं तेव्हा ती आधी माझ्यावर उखडली. “तिनं जीव लावला. तू जीभ लावली. जा, घेऊन ये तिला खाली.”

मग तिघी कामाला लागलो. बुंध्याजवळची वरची माती खरवडून टाकली. पाणी सोडलं की ते तिथेच तुंबायचं, मग मीठ जाणार कुठे? खोल गेलो तर हातभर खाली सिमेंटचा थर निघाला. काकींच्या नातवानं मित्र गोळा केले आणि पहारीनं तो फोडला. मीठ सुटून निघावं म्हणून जिप्सम घातलं, चाळलेलं शेणखत घातलं, वरून पाला. पावसाळाभर पाणी मुळांवरून खाली निथळत राहिलं. सप्टेंबरात पुन्हा माती तपासली तर आकडा उतरला होता. आईनं त्या आकड्याकडे लक्षही दिलं नाही. तिनं माती हुंगली आणि काकींच्या नाकाशी धरली. “आता येऊ राहिला वास,” ती म्हणाली.

त्याच महिन्यात सर्वसाधारण सभा झाली. मी तिन्ही ठिकाणच्या मातीच्या बाटल्या टेबलावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि पेव्हर ब्लॉकच्या बाजूनं हात वर केले. विरोधात आम्ही पाच जण. सेक्रेटरी मोठ्या मनानं म्हणाले, “आईंची वेल आपण मोठ्या ड्रममध्ये लावून देऊ ना, सोसायटीच्या खर्चानं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हटलं की हे मला मान्य नाही आणि माझा विरोध नोंदवून घ्या. तो नोंदवला की नाही ते मला माहीत नाही.

ऑक्टोबरात आईनं छाटणी केली, कुणालाही न विचारता. मी विचारलं, ब्लॉक येणार आहेत, तरी? ती म्हणाली, “वेलीला काय सांगू, सभा झाली म्हनून फुटू नको?” दिवाळीपर्यंत फुटव्यांवर मोहरीएवढ्या कळ्यांचे घोस दिसायला लागले. मी मोजायला गेले तर आईनं हातावर चापट मारली.

दिवाळीनंतरच्या सोमवारी ब्लॉकचा टेम्पो आला. मी रजा टाकली होती. आई सकाळीच खाली गेली होती आणि पाल्यावर मांडी घालून बसली होती. काकीही स्टूल घेऊन आल्या, त्यांना खाली बसता येत नाही. सेक्रेटरी मला म्हणाले, “मॅडम, आईंना समजवा. या वयात हे बरं दिसतं का?”

“तुम्हीच समजवा,” मी म्हटलं. “मला तर बरं दिसतंय.”

ठेकेदाराचा माणूस दोरी आणि खुंट्या घेऊन पट्टी मापत मापत आईपर्यंत आला आणि अडला. तो परका, त्याला आमची भांडणं काय ठाऊक? त्यानं सेक्रेटरींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग सरळ आईलाच विचारलं, “मावशी, ही जागा कोणाची?”

पन्नास वर्षं हा प्रश्न तिला बांधाबांधावर कुणी ना कुणी विचारला असेल, आणि दर वेळी तिनं मालकाचं नाव सांगितलं असेल.

“माझी हाय,” आई म्हणाली.

कायद्यानं ती सोसायटीची आहे. हे मला ठाऊक आहे, सेक्रेटरींना ठाऊक आहे आणि आईलाही पक्कं ठाऊक आहे. सेक्रेटरींनी तोंड उघडलं. मी त्यांच्या आणि आईच्या मधे जाऊन उभी राहिले.

त्या माणसानं दोरी गुंडाळायला घेतली.