ताईचं मागणं

ताई गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा जयपूरची थंडी ऐन भरात होती. साधा खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि माणूस गेलं. त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मनात कडवटपणा ठेवू नये म्हणतात. ताईबद्दल माझ्या मनात तो नाहीच. पण तिची गोष्ट भाऊजींना वगळून सांगता येत नाही, आणि त्यांना सोडायची माझी इच्छाही नाही.

वसुधाताई माझी थोरली बहीण. भाऊजी केंद्र सरकारात मोठे अधिकारी, जयपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बंगला. माझे यजमान बँकेत. आमचीही बदली जयपूरला झाली आणि आम्ही मुरलीपुऱ्यात घर घेतलं, तेव्हा दोघी बहिणी एका गावात आल्या म्हणून नागपूरला आईने पेढे वाटले होते. ताईचा अनिकेत लहान होता तेव्हाच तिला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. जेवणात कुणीतरी विष कालवलंय म्हणून ती भरल्या ताटावरून उठायची. एका दुपारी भाऊजी तिला एका सुटकेससह आमच्या दारात सोडून गेले. "थोडा हवापालट होईल," म्हणाले. गाडीचं इंजिनही त्यांनी बंद केलं नव्हतं. न्यायला ते कधी आलेच नाहीत, मुलालाही कधी पाठवलं नाही.

डॉक्टर चांगले भेटले. गोळ्यांनी आवाज मंदावले, ताई पुन्हा स्वयंपाकघरात गुणगुणू लागली. मग अनिकेतची मुंज ठरली. मुंजीत मातृभोजन असतं, मुलगा आईच्या ताटात शेवटचा जेवतो. ताई सकाळीच शालू नेसून तयार झाली. तेवढ्यात भाऊजींचा फोन आला, "तिला आणू नका. चार लोकांत तमाशा नको." मी तिला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्याच्याबरोबर जेवणार कोण?"

तिची जाऊ जेवली. ताई संध्याकाळपर्यंत शालूतच बसून होती… दुसऱ्या दिवसापासून ती गोळ्या थुंकू लागली.

तिला त्यातून ओढून काढलं ते मानसोपचाराच्या ओपीडीतल्या केरळच्या लिसी सिस्टरने. एका रविवारी ती ताईला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेली. लहानसं, पत्र्याचं छप्पर असलेलं चर्च. मी सोबत गेले, कुणी हिला नादी तर लावत नाही ना, ते बघायला. प्रार्थना संपल्यावर ताई थेट पादरींसमोर जाऊन उभी राहिली आणि हिंदीत म्हणाली, "मेरे पति का सत्यानाश हो, ऐसा माँगूँ तो चलेगा?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पादरी वयस्कर होते. त्यांनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "माँगिए. लेकिन ईश्वर से ही माँगिए, खुद कुछ मत कीजिए. और बहनजी, गोली मत छोड़िए. वह भी उसी की दी हुई है."

घरी येताना रिक्षात ताई मला म्हणाली, "अगं, येशूलासुद्धा घरचे लोक वेडा म्हणाले होते. पादरींनी सांगितलं." कित्येक महिन्यांनी मी तिला हसताना पाहत होते. त्या रात्री तिने गोळी गिळली. पुढे रोज सकाळी ती मोठ्याने प्रार्थना करायची आणि भाऊजींचं वाटोळं मागायची. आपला राग ऐकून घेणारं, त्याला न घाबरणारं कुणीतरी तिला मिळालं होतं. आवाज पूर्ण गेले नाहीत. "ते बोलतात, मी ऐकत नाही," म्हणायची. तिने बाप्तिस्मा घेतला, चर्चच्या शाळेत शिवण शिकवू लागली. भाऊजींनी सगळीकडे सांगितलं, "आधी वेडी होती, आता बाटली."

दफनाच्या वेळी पादरी मला बाजूला घेऊन म्हणाले, गेल्या वर्षभरापासून वसुधाजींनी ते मागणं सोडलं होतं. नवऱ्याला शांत झोप लागू दे, असं म्हणायच्या. मी ऐकून घेतलं. ताईने सोडलं असेल. मी नाही सोडलं.

नंतर भाऊजी भेटायला आले, सोबत अनिकेत. आता कॉलेजात आहे, उंच झालाय. भाऊजींनी रुमाल काढला, "फार केलं हो मी तिच्यासाठी," म्हणाले. अनिकेत खाली मान घालून बसला होता. अडखळत मराठीत म्हणाला, "मावशी, आई माझ्या मुंजीला… मतलब, तिला यायचं नव्हतं ना? बाबा म्हणाले होते."

भाऊजी म्हणाले, "आज नको हा विषय."

"आजच," मी म्हणाले. आणि सुटकेसपासून शालूपर्यंत सगळं सांगितलं, त्यांच्यासमोर, एकही शब्द मऊ न करता. अनिकेतने बापाकडे पाहिलं. त्या नजरेने भाऊजींच्या चेहऱ्याचं जे झालं, ते मी पोटभर बघून घेतलं. त्याची मला लाज वाटत नाही.

अनिकेत आता शनिवारी येतो, ताईच्या खोलीत राहतो. खिडकीखाली तिचं शिलाई मशीन आहे, त्यावर वह्या पसरून अभ्यास करतो. मधूनच पायाने मशीनचं पॅडल हलवतो, तेव्हा स्वयंपाकघरात माझा हात थांबतो. रात्री भाऊजींचा फोन येतो, "अनिकेत आहे का तिथे?"

"आहे," म्हणते, आणि फोन ठेवून देते.