बंपरवरची चार माणसं

किन्हवली-डोळखांब रस्त्यावर मी बरीच वर्षं जीप चालवली. चिखलात मागची चाकं नुसती फिरायला लागली की चार माणसं मागच्या बंपरवर उभी राहायची. त्यांच्या वजनानं चाकं जमीन धरायची आणि जीप वर चढायची.

पुढे मुरबाडजवळच्या एका फार्महाऊसवर ड्रायव्हर म्हणून लागलो. मालकांची गाडी नवी होती. पुढचं चाक घसरतंय असं कळलं की ती आपणहून मागच्या चाकांनाही जोर द्यायची. चारही चाकांना जोर द्यायचा दांडा ओढायला नको की काही नको. मला तिचा रागच यायचा. सगळं हिलाच कळतं तर मला कशाला ठेवलंय?

त्या श्रावणात बायको बाळंतपणाला माहेरी, डोळखांबकडच्या पाड्यावर होती. दुपारी फोन आला, कळा सुरू झाल्यात आणि रक्त फार जातंय. मालकांनी एक शब्द न विचारता किल्ली हातात दिली.

पाड्यावर पोचलो तर बांबूला गोधडी बांधून डोली तयार होती. मी बायकोला मागच्या सीटवर निजवलं. सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. सासरे आणि त्यांचे तिघे भाऊबंद मात्र रिकामी डोली घेऊन गाडीमागे चालू लागले. माझ्यावर एवढाही भरवसा नाही, म्हणून मी मनात चरफडलो.

डांबरी रस्त्याआधी लाल चिखलाचा चढ होता आणि उजवीकडे खाली ओहोळ. मध्यावर गाडी अडखळली. जीपच्या सवयीनं मी अॅक्सिलरेटरवर पाय दाबला. तेवढ्यात मागे धपाधप आवाज झाला. डोली बाजूला टाकून चौघेही बंपरवर चढले होते. गाडीचं तोंड हलकं झालं. मी स्टिअरिंग फिरवत होतो, पण ती वळेना, ओहोळाकडेच सरकू लागली.

"उतरा! सगळे खाली उतरा!"

"येडा झालास काय रे?" सासरे ओरडले. "उतरलो तं मागं घसरल ना!"

"मामा, ही जीप नाय! तुमच्या वजनानं पुढची चाकं उचलतात. उतरा!"

"आवो, लवकर करा," बायको कण्हत म्हणाली. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

ते उतरले, सासरे सगळ्यात शेवटी. मी पाय हलका केला. हेच सगळ्यात अवघड होतं, काही न करणं. पुढची चाकं नुसती फिरायची थांबली, मागून जोर आल्याचं पाठीला कळलं आणि स्टिअरिंग पुन्हा हाताचं ऐकू लागलं. गाभण गाय चढावी तशी गाडी सावकाश वर गेली.

डांबरीला लागताना आरशात पाहिलं. चौघे डोली खांद्यावर घेऊन चिखलातून धावत येत होते. गाडी पुन्हा अडली तर लेकीला उचलायला.

शहापूरला दवाखान्यात मुलगी झाली. बायकोही वाचली. संध्याकाळी सासरे एसटीनं आले, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच. नातीला बराच वेळ बघून मला म्हणाले, "पुढल्या टायमाला आमी कुठं लटकायचं, ते आदी सांग."

मी हसायला गेलो आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो.