टिप्परातली तालीम

सुर्ल्याचा बाबली खाणीवर खनिजाचा टिप्पर चालवायचा आणि जत्रेच्या नाटकात राजा व्हायचा. पहिलं काम पोटासाठी, दुसरं जिवासाठी. मी गावच्या शाळेत मास्तर आणि नाटकात प्रॉम्प्टर. म्हणजे विंगेत पुस्तक घेऊन बसायचं आणि राजाची अब्रू राखायची. गोवा राज्य झालं त्याच्या आदल्या जत्रेत मात्र ती राखता आली नाही. बाबली भर दरबारात गप्प झाला. मी वाक्य ओरडलो, मागच्या रांगेतल्यांनीही ते ऐकलं आणि ओरडून त्याला सांगितलं, तरी राजा आपला उभाच.

तालीम घेणारे पांडुरंगमाम नंतर शेवटची संधी देत त्याला म्हणाले, "आनीक एक फावट दितां. परत विसारलंस तर फुडल्या वर्सापासून पडदो ओढूक बस."

बाबलीने हे फार मनाला लावून घेतलं. पण पाठांतराला जागा कुठली? घरी बसला तर शेजारी गप्पांना हजर. देवळात भजनी मंडळी. तळ्याकाठी गार वारा, तिथे झोप लागे. मी शाळेची रिकामी खोली उघडून दिली, तर बाकावर बसल्याबरोबर त्याचं डोकं चौथीत असताना जसं बंद पडायचं तसंच बंद पडलं.

शेवटी जागा सापडली ती आमोण्याच्या धक्क्यावर. खनिज नदीतल्या बार्जीत, म्हणजे मालवाहू होडीत, ओतण्यासाठी तिथे टिप्परांची रांग लागे आणि तास तास हलत नसे. बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटत. बाबली दोन्ही काचा वर करी, भाषणं उतरवलेली नक्कल समोर टेकवी, स्टिअरिंग घट्ट धरी आणि पाठ करायला लागे. रांग एक गाडी पुढे सरकेपर्यंत एक भाषण पक्कं व्हायलाच हवं, असा त्याचा नेम. मागच्याने हॉर्न दिला की पुढचं भाषण. बंद काचेआड एकटाच गर्जणारा बाबली बघून कुणीतरी त्याच्या बायकोला, वत्सलेला, त्याच्यासाठी देवळात कौल लावायला सुचवलं म्हणे.

महिन्याभराने मी गाडीत चढून ऐकलं. चौदाच्या चौदा भाषणं, एक शब्द इकडचा तिकडे नाही! मी खूश होऊन तालमीला गेलो, आणि तिथे स्वारी पहिल्याच वाक्याला ठप्प.

"मास्तर, गाडयेत सगळां येता," रिकामे हात हलवत तो रडकुंडीला आला. "हंय उबो रवलो काय हात खंय दवरूचे तेंच कळना!"

मला राग आला, खोटं कशाला सांगू? पण चहा घेऊन आलेली वत्सला शांतपणे म्हणाली, "मास्तर, स्टिअरिंग नासतना ते उलयतले कशे? हातात कायतरी वाटकुळां दिया."

नाटक मंडळाच्या पेटीत एक वाटोळी लाकडी ढाल होती. ती दोन्ही हातांत धरली आणि राजा घडाघडा बोलू लागला. फक्त रागाच्या वाक्याला डावा हात आपोआप गिअर टाकायला जाई. पांडुरंगमामांनी कपाळावर हात मारला आणि चालवून घेतलं.

जत्रेत पुढच्या दोन रांगा ड्रायव्हरांनीच धरल्या होत्या. पहिला गिअर पडला मात्र, हशा उसळला आणि एकाने तोंडाने हॉर्न वाजवला. मी पुस्तकातली ओळ बोटाने धरली. संपला आता राजा!

पण हॉर्न ऐकताच बाबलीने पुढचं भाषण सुरू केलं. एवढ्या तडफेने की हसणारे हसायचे थांबले. तिसऱ्या अंकात युद्धावर निघताना त्याने ढाल सरळ प्रधानाच्या हातात दिली आणि दोन्ही हात पसरून शेवटचं भाषण म्हटलं. टाळ्या थांबेनात. माझे डोळे भरून आले.

पडदा पडल्यावर तो धावत विंगेत आला, घामाघूम.

"मास्तर, खंय विसारलंय?"

"कुठेच नाही रे."

"आनी ढाल? ढाल खंय माझी?" रिकाम्या हातांकडे बघत त्याने विचारलं, आणि मग इतका मोठ्याने हसला की पडद्याबाहेरचे लोकही हसायला लागले.