कंडक्टरबाईंनी बांधलेला पट्टा

भरल्या बसमध्ये तिकिटं फाडण्यात उमर गेली, त्यामुळे कंडक्टरबाईंचा आवाज घरातही शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच होता. बाई निवृत्त झाल्या. हुकमत काही निवृत्त झाली नाही.

नवऱ्याला ब्लडप्रेशर निघालं तेव्हा हॉस्पिटलनं घरी मशीन दिलं. दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं, की आकडा आपोआप हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये नवऱ्याच्या नावापुढे जाऊन बसायचा. पण नवरा पडला गप्पिष्ट. सकाळी फिरायला गेला की तिकडेच रमायचा, आणि इकडे फोन वाजायचा, "आजचं रीडिंग आलं नाही." एक दिवस बाईंचं डोकं फिरलं. "घ्या मेल्यांनो रीडिंग!" म्हणत त्यांनी पट्टा स्वतःच्याच दंडाला बांधला. फोन बंद झाले. बाई खूश. मग रोज तेच.

हॉस्पिटलनं नवऱ्याची गोळी वाढवली. पुन्हा वाढवली. आणि एका सकाळी तो बाथरूमच्या दारात चक्कर येऊन कोसळला, भुवई फुटली. रक्त पुसता पुसता बाईंना सगळा उलगडा झाला, आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

तशाच त्या त्याला घेऊन हॉस्पिटलात धडकल्या. डॉक्टरीणबाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "आजोबांचं प्रेशर फार वाढलंय हो. गोळी कमी नाही करता येणार."

"स्क्रीन सोडा, माणसाकडे बघा! ते आकडे माझे आहेत."

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही पट्टा बांधला. नवऱ्याचं प्रेशर पार खाली गेलेलं. बाईंचं भलतंच वर.

"आजी, तुम्हालाच ॲडमिट करावं लागेल."

"मला काय धाड भरलीय?"

"अगं, गप्प बस जरा," नवरा म्हणाला. त्यानं बाईंचा हात घट्ट धरला. तेव्हा बाईंना पहिल्यांदाच स्वतःच्या जिवाची भीती वाटली.

"बरं. आधी ह्यांची गोळी कमी करा."

"करते. पण मशीनकडून आलेले जुने आकडे मला नाही बदलता येत. ते आजोबांच्या नावावरच राहतील."

"म्हणजे उद्या दुसरा डॉक्टर ते बघणार आणि पुन्हा गोळी वाढवणार? कोणाला बदलता येतात? बोलवा त्याला!" बाईंनी खुर्ची ओढली आणि दारातच बसल्या. "जन्मभर ह्यांचं नाव लावलं मी. आजार तरी माझ्या नावावर लिहा. तोवर मी इथून हलायची नाही."