इस्तरीचा डाग

निजामाच्या राज्यात मी औरंगाबादच्या कचेरीत कारकून होतो. तेव्हा गुलमंडीत एका धोब्यानं लाँड्री काढली. जन्मभर लोकांच्या मागल्या दारी उभं राहून त्यानं गाठोडी नेली होती. आता तो इस्तरी गालाजवळ धरून धग बघायचा आणि हसून म्हणायचा, "आता कपडे माझ्याकडं येतेत. मी नाय जात."

मेहुण्याकडून मागून आणलेल्या शेरवानीला माझ्या विडीनं भोक पडलं. मी ती मुकाट्यानं लाँड्रीत टाकली. घ्यायला गेलो तेव्हा मेहुणाही सोबत होता. त्यानं भोक पाहिलं. मी म्हणालो, "इस्तरीनं जळली वाटतं."

"भाकरी भाजता का हो शेरवानीवर?" मेहुणा सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाला आणि बाहेर पडला. दोन गिऱ्हाइकांनी लगेच आपले कपडे परत मागितले.

धोब्यानं भोकावरून बोट फिरवलं. "इस्तरीचा डाग असा गोल नसतो, साहेब," तो हळूच म्हणाला. "मागल्या दारची शिवी पोटात जायची. हितली दुकानाच्या पाटीला चिकटती. त्यांना खरं सांगा."

मेहुणा जेमतेम पाच पावलं पुढं गेला होता. मी "सांगतो" म्हणालो, आणि घरापर्यंत मेहुण्याशी पीकपाण्याचं बोलत गेलो.