फ्लॉपीला शर्टाचं बटण

गुंजाळ कॉम्प्युटर उघडायच्या आधी अंगातला टेरिलिनचा शर्ट काढून खुंटीला अडकवायचे. मग खिडकीच्या गजाला हात लावायचे आणि बनियनवर कामाला बसायचे. नारायणगावात माझा टायपिंगचा क्लास होता आणि तिथले कॉम्प्युटर ते दुरुस्त करायचे. मुली खाली मान घालून खिदळायच्या. मला वाटायचं, हा माणूस देवभोळा आहे आणि निर्लज्जही. टेरिलिनने अंगात वीज साठते, गजाला हात लावला की ती उतरते आणि नाजूक मेमरी जळत नाही, हे कळायला मला आधी एक मेमरी जाळावी लागली.

तेव्हा मी चाळिशीला टेकले होते आणि स्वतःला फार आधुनिक समजत होते. आधुनिक म्हणजे काय, तर नायलॉनच्या साड्या. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की पदर चटचट वाजायचा. गुंजाळ वाकून मेमरीच्या पट्ट्या बसवत होते. मी "बघू, बघू" म्हणत पुढे झाले आणि एक पट्टी उचलली. बोटाला चट्‌दिशी चटका बसला. त्यानंतर मशीन काही उठेना, नुसतं टूं टूं करत राहिलं. गुंजाळांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत.

"बाई, उद्यापास्नं सुती नेसत जा. तुमच्या पदरात लई वीज हाय."

झालं! घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले. या वयात, म्हटलं, आपल्याला असं कुणी बोलतं म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी सुती साडी नेसले आणि वर अबोलीचा गजरा माळला. गुंजाळांनी गजऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सुती हाय ना? मग धरा ही पट्टी," एवढंच म्हणाले. आमचे हे मात्र पुढे आठवडाभर विचारत होते, गजरा कशाला घातला होतास म्हणून.

गुंजाळ येडगावचे. आधी विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी बांधून द्यायचे. मग काही वर्षं मुंबईत एका दुरुस्तीच्या दुकानात राहून कॉम्प्युटर शिकून आले. नम्रपणा त्यांना माहीत नव्हता. पुण्याच्या एका ऑफिसाने टाकून दिलेली पाच मशिनं मी टेम्पोत घालून आणली, तेव्हा ती बघून म्हणाले, "बाई, तुमाला फसवलंय. पर घाबरू नका, मी हाय." मला काही समजवायचं तर ते टोमॅटोच्या बाजारात शिरायचे. "हार्डडिस्क म्हंजी गोदाम. मेमरी म्हंजी पुढचा गाळा, माल मांडायचा. आन् हे कंट्रोलर कार्ड म्हंजी हमाल. तुमी गोदाम मोठं आनलं, पर हमाल म्हातारा. त्याला निम्मं गोदाम दिसतच न्हाई. माल सडंल न्हाईतर काय व्हईल?" मग जुनं कार्ड उपटून नवं बसवायचे, मेमरी वाढवायचे आणि तेच मेलेलं मशीन धडधडत उठायचं. "नवं घेनारं गिऱ्हाईक," ते छाती पुढे काढून म्हणायचे, "जुनं चालवनारा मालक!"

सरकारमान्य कॉम्प्युटर कोर्सचं केंद्र गावाला मिळणार अशी बातमी आली. मी अर्ज केला. गुंजाळांनी एक अट घातली.

"केंद्र मिळालं की बोर्डावर खाली माझं नाव टाका. तांत्रिक प्रमुख. बारीक अक्षरात चालंल."

"तुम्हाला हो कशाला हवंय बोर्डावर नाव?"

"सासरवाडीला गेलो की मेव्हने इचारत्यात, दाजी, हल्ली नक्की काय करता? मोटारी बांधतो म्हनलं की समजायचं. हे सांगितलं की हसत्यात. एकदा बोर्डच दावतो. गप बसत्याल."

मी लगेच पेंटरकडे जाऊन अक्षरं किती मोठी काढायची तेसुद्धा ठरवून आले. केंद्र जणू मंजूरच झालं होतं! तो सगळा उन्हाळा गुंजाळ त्या पाच मशिनांत डोकं घालून होते. हमाल बदलले, गोदामं मोठी केली, गाळे वाढवले. एका मशिनाच्या फ्लॉपीचं दाबायचं बटण तुटलं होतं. तसा भाग कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी खुंटीवरच्या शर्टाचं पांढरं बटण तोडून तिथे चिकटवलं. क्लासातली मुलगी ते टक टक दाबायची आणि फ्लॉपी बाहेर यायची.

तपासणीला दोन साहेब आले. चहा झाला. दारातूनच पिवळी पडलेली खोकी बघत एक साहेब म्हणाले, "मॅडम, मशिनं जुनी दिसतात."

"दिसत्यात साहेब, पर चालवून बघा," गुंजाळ पुढे झाले. "थांबा, उघडूनच दावतो." सवयीने शर्ट काढत ते गजाकडे वळले.

"अहो, अहो! शर्ट घाला आधी!" साहेब हसत सुटले. "मॅडम, सरकारी कोर्स आहे. जरा शोभलं पाहिजे की नाही?"

एकाही मशिनाला हात न लावता ते गेले. गुंजाळ बटण नसलेला शर्ट मुठीत धरून खिडकीपाशी उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. केंद्र बाजारपेठेतल्या गुलाबशेठला मिळणार अशी चर्चा सुरू झाली, माझ्याकडच्या मुली गळाल्या आणि मी ती पाचही मशिनं मंचरच्या भंगारवाल्याला देऊन टाकली.

दसऱ्याला गुलाबशेठच्या केंद्राचं उद्घाटन झालं. मलाही बोलावणं होतं आणि मीही मेली नटून गेले. पांढरीशुभ्र मशिनं, हारतुरे, उदबत्त्या. हळदीकुंकू वाहता वाहता मी एका मशिनापाशी थबकले. फ्लॉपीच्या फटीखाली शर्टाचं बटण होतं.

मागच्या खोलीच्या दारात गुंजाळ उभे होते.

"गुंजाळ, ही आपली मशिनं आहेत."

"हळू बोला, बाई. नवीन हायेत ती. फकस्त खोकी बदलली."

"तुम्ही बदललीत?"

"मंग कोन बदलनार? शेठनं भंगारातनं उचलली व्हती. चालू करायला मीच लागतो ना."

"आणि हे बटण? ते का नाही बदललंत?"

"मुद्दाम ठिवलं. तपासायला येनाऱ्याला दिसावं म्हनून." ते गालातल्या गालात हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "त्येच साहेब आलं व्हतं. वाकून फ्लॉपी घातली, बटन दाबलं. म्हनलं, वा, झकास."

"आणि बोर्ड?"

"शेठच्या वडलांचं नाव लांबलचक हाय. खाली जागा उरली न्हाई."

त्यानंतर त्यांनी तिथे कितीतरी वर्षं काढली. मशिनांची खोकी बदलत गेली, आतला माणूस तोच राहिला. मी कधी गेलेच तर मागच्या खोलीत बनियनवर बसलेले दिसायचे. बढाया मात्र बंद झाल्या होत्या, आणि त्या ऐकायला मिळत नाहीत याचं मला वाईट वाटायचं.

ते गेल्याचं कळलं तेव्हा गावात फ्लेक्सचा जमाना आला होता. केंद्राच्या खिडकीच्या गजांना तारेने बांधून भलामोठा फ्लेक्स लावला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' फोटोतल्या शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी. खाली ठळक अक्षरांत नाव: 'कै. बबन गुंजाळ, आमच्या केंद्राचे प्रामाणिक शिपाई.' त्याच्याखाली केंद्राचं नाव, आणि एका कोपऱ्यात, 'प्रवेश सुरू.'

दहाव्याहून परतणारे त्यांचे दोघे मेव्हणे फ्लेक्सखाली थांबले. थोरल्याने डोळे बारीक करून सगळं वाचलं.

"शिपाई व्हते व्हय दाजी," तो धाकट्याला म्हणाला. "मंग तसं सांगायचं ना सरळ."