दगाआप्पांना न पटलेला राक्षस

विसरवाडीच्या हायवेवर ट्रकची फाटकी सीट समोर आली की दगाआप्पा आधी ड्रायव्हरचा उद्धार करत. रेग्झिनची चीर बोटाने चाचपून म्हणत, "मांगला खिशामां चाव्यासना झुबका ठेईसन बसस हाऊ, येडा." बहुतेक वेळा ते खरं निघे.

आठवीत शाळा सुटल्यावर मी चार वर्षं त्यांच्याकडे सीटा शिवल्या. रेग्झिनच्या तुकड्यांच्या पाठीवर चित्रं काढायचो. आप्पा ती फेकत नसत, हेच त्यांचं कौतुक.

त्या चित्रांनी मला हैदराबादला आणलं, फँटसी गेम बनवणाऱ्या ऑफिसात. सहा महिने काम बघून मला ठेवायचं की काढायचं ते ठरणार होतं. बाकी सगळे डिग्रीवाले. शेवटचं काम मिळालं पंक थाटाच्या राक्षससरदाराचं. मी हात आखडला नाही: डोक्यावर कोंबड्याचा तुरा, खांद्यावर वीतभर खिळे, पाठीवर तलवार, साखळ्या, सेफ्टीपिना, कातडी जाकिटाला जागोजाग चिरा. साहेब म्हणाले, "खोटं वाटतंय. सोमवारी शेवटचं बघतो."

घाबरून मी चित्र आप्पांना पाठवलं. लगेच फोन आला.

"हाऊ कोन शे रे? लगीननी घोडी?"

"बंडखोर शे, आप्पा."

"तलवार उपसाले गया ते खांदाना खिळा कानमां घुसी याना! आनि जाकीट कोनी फाडं? ब्लेड मारेल दिखी ऱ्हायनं. जठे घसारा लागस तठेच कपडा फाटस. याना कोपर नवा कोरा, आनि छाती फाटेल! गरिबीनं सोंग शे हाई. थू!"

ऑफिसात गुडघ्यावर फाडलेल्या नव्या जीन्स विकत घेणारी माणसं आहेत. त्यांना हे कळणार नव्हतं. पण मी चार वर्षं फाटकंच शिवलं होतं. मला कळायला हवं होतं.

खिळे काढले. तलवारीच्या पट्ट्याखाली खांदा झिजवला. चीर कोपराला दिली आणि एकाच सेफ्टीपिनेने ती धरून ठेवली. सोमवारी साहेब त्या कोपराकडे बराच वेळ बघत राहिले. मला ठेवून घेतलं.

नवं चित्र पाठवून मी फोनवर म्हणालो, "आप्पा, तुमच्यामुळे झालं."

"शिलाई ठीक शे," आप्पा म्हणाले. "पन डोया देख याना." मी चित्रातल्या डोळ्यांवर झूम केलं. "सरदारना नहीत, तुन्हा शेतस. कोनी हाकली दी म्हनीसन अजून भ्याएल."